कोऱ्या चहाचा दम

“आये, चायमदी पावडर किती टाकतेस गो?”

मनस्वीने फोनवर एवढंच विचारलं, आणि दमयंतीच्या हातातला अर्धा साफ केलेला बोंबील ताटात परत पडला. प्रश्न काही मोठा नव्हता. असा प्रश्न शेजारीण शेजारणीला भिंतीवरून विचारते आणि उत्तर ऐकायच्या आत दुसऱ्याच गोष्टीकडे वळते. पण मनस्वी दहा दिवस पनवेलला कबड्डीच्या शिबिरात होती, पोरींचे मोबाइल सरांच्या कपाटात बंद होते, म्हणजे हा फोन सरांचा होता; आणि मागून सरांचाच घाटावरचा आवाज येत होता, “चमच्यात सांगायला सांग. अंदाजे नको.” दमयंतीने ओला हात पदराला पुसला. घड्याळात सव्वा वाजला होता. चार वाजता जिल्ह्याच्या संघाची निवड चाचणी, चोवीस पोरींतून बारा. “दोन चमचे,” ती म्हणाली, आणि कोणी न विचारताच पुढे म्हणाली, “चांगले भरून.” पलीकडे पोरीने ते सरांना सांगितलं, सर काहीतरी बोलले, पोरगी खुशीत आली. “सर म्हनतात, मंग मला सवय हाय. बाकीच्या पोरींना काल्या कॉफीचा एक पेला, मला दोन. तीन वाजता देनार, म्हंजे चारला बरोबर अंगात भिनते. तू लवकर ये, आनि आपली चाय पन आन. ठेवते.” फोन बंद झाला आणि दमयंती स्वयंपाकघरात तशीच उभी राहिली, हाताला बोंबलाचा वास, कानात पोरीची खुशी.

पावडर नव्हतीच त्या चहात. एक चिमूटसुद्धा नाही, आज आठ वर्षं. आणि हे साऱ्या कोन गावात एकट्या दमयंतीला ठाऊक होतं. नवऱ्याला नाही, सासूला नाही, जिच्यासाठी हा सगळा खटाटोप तिलाही नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं झालं होतं. कोणी साधं ‘तुमचा चहा झकास’ म्हटलं तरी ही उगाच कपाटातला पावडरीचा डबा खालीवर करायची. आणि आज सरळ सरळ विचारलं, तर तोंडातून काय निघालं? दोन चमचे. चांगले भरून. तिने लगेच उलट फोन लावला. सरांचा बंद. नवऱ्याला लावला. कमळाकर सकाळपासूनच मैदानावर जाऊन बसला होता, आणि चार जुने खेळाडू भेटले की त्याला खिशातला फोन काय, खिसासुद्धा जाणवत नसे. घंटी वाजून वाजून गप्प झाली. मग दमयंतीने बोंबील झाकले, चूल पेटवली आणि सवयीने, पुढे काय करायचं ते न कळता, गुळाचा खडा पातेल्यात टाकला.

कोऱ्या चहाची कीर्ती मात्र खोटी नव्हती. ती कमळाकरच्या वेळची. तेव्हा कोनच्या संघाचा कप्तान तो होता आणि दमयंती नवी नवरी. संघ बाहेर खेळायला निघाला की खेळाडू आधी कप्तानाच्या ओटीवर यायचे. दमयंती किटली घेऊन बाहेर यायची. दोन मुठी पावडर, आलं, गूळ, दुधाचा थेंब नाही, आणि वर झाकण ठेवून दिलेला दम. काळाकुट्ट चहा, पितळेच्या पेल्यात. जिच्या हातात किटली ती ज्याला पेला देईल तो त्या दिवशी संघात. रिकामा पेला ज्याने त्याने ओटीच्या कठड्यावर पालथा घालायचा आणि निघायचं, आणि माणसं परत येईपर्यंत त्या पेल्यांना कोणी हात लावायचा नाही. एकदा सासूने, सखूबाईने, न राहवून एक पेला विसळून ठेवला, आणि नेमका त्याच पेल्याचा माणूस पहिल्याच चढाईत पाय मुरगळून आडवा झाला. तेव्हापासून सखूबाई खेळाच्या दिवशी मांजरीलाही ओटीवर येऊ देत नसे. संघ जिंकत गेला. शेजारच्या शिरढोणची माणसं हरून परतताना वाट वाकडी करून यायची, म्हणायची, “वैनी, या काल्या पान्यात काय घालता ते तरी सांगा.” कमळाकर मिशीत हसायचा. “कबड्डीत दम लागतो, चायला पन दम लागतो,” तो म्हणायचा. “आमचे घरात दोन्ही हायेत. बायकोचे नावातच दम हाय.” त्या बोलण्याने दमयंती लाजून आत जायची आणि आत गेल्यावर उभ्या उभ्या हसायची. आता कोनचं जुनं मैदान नव्हतं, त्यावर चौदा मजले उभे होते. ओटीच्या घराचाही बंगला झाला होता. कठडा तेवढा तिने हट्टाने नव्या पायरीशी बांधून घेतला होता.

म्हणूनच मनस्वीचा पहिला सामना आला तेव्हा तिला काही विचार करावा लागला नाही. पोर दहा वर्षांची, शाळेच्या संघात सगळ्यांत लहान, पायाने चपळ. दमयंतीने किटली बाहेर काढली आणि मोठ्या माणसाला द्यावा तसा भरून पेला दिला. पोरीने तो संपवून दुसरा मागितला. दमयंतीने तोही दिला. आई होती ना, कौतुक हाताला थांबू देत नाही. आणि मग शिरढोणच्या मैदानावर तिने पाहिलं, की पोरीची बोटं पाण्यातल्या गवतासारखी हलताहेत. मध्यरेषेपाशी जाऊन ‘कबड्डी’ म्हणायला तोंड उघडलं आणि आवाजच नीट लागेना. दम धरता येईना. पोर बाद झाली, बाहेर येऊन ओकली, आईचा हात धरून छातीवर ठेवला. त्या छोट्या फासळ्यांखालची ती धडधड दमयंतीच्या तळव्यात आजही होती. पनवेलच्या डॉक्टरांनी सगळं तपासलं. “हृदय ठणठणीत आहे,” ते दमयंतीला बाजूला घेऊन म्हणाले. “पण चहा-कॉफी हिच्या अंगाला सोसत नाही. काहींचं असतं तसं. एक घोटही देऊ नका.” दमयंती सुटकेने रडली होती. पोरीला तिने एवढंच सांगितलं की ऊन लागलं. पण पुढच्या सामन्याला तिने किटली काढली नाही, तेव्हा मनस्वी रिकाम्या कठड्याकडे बघत पायरीवर उभी राहिली. रडली नाही, ओरडली नाही. हळूच म्हणाली, “मंग मी संघात नाय?”

त्या चार शब्दांना उत्तर म्हणून तो खोटा चहा जन्माला आला. दमयंतीने गूळ करपवून पाणी काळं केलं. आलं ठेचून टाकलं. परसातल्या गवती चहाची पाती गाठ मारून सोडली. कडवटपणा हवा म्हणून मेथीचे चार दाणे तव्यावर भाजून घातले. मनात म्हणाली, गवती का असेना, चहाच म्हणतात ना त्याला, मग खोटं कुठे बोलते मी? पोर एक पेला प्यायली, कठड्यावर पालथा घातला, आणि त्या दिवशी सहा गुण घेऊन आली. पुढच्या सामन्यात नऊ. गावात पुन्हा बोलबाला झाला, दमयंतीच्या चायची कमाल, बापाला पावली तशी लेकीलाही पावली. प्रत्येक वेळी आज सांगू, उद्या सांगू असं तिला वाटायचं. पण पोरगी जिंकत होती, आणि जिंकणाऱ्या माणसाच्या पायाखालची फळी कोण काढतं? झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि खरं सांगायचं तर आणखीही एक होतं, जे तिने स्वतःलाही कधी सरळ सांगितलं नव्हतं. ते कौतुक तिला हवं होतं. लग्नांत, हळदीकुंकवात, बाजारात ‘ही ती चायवाली वैनी’ म्हणून बायका वळून बघायच्या आणि दमयंतीची मान आपोआप ताठ व्हायची. पावडर नसलेल्या चहावर मिळालेला मान. पण मान तो मानच, आणि तो गोड लागायचा.

थर्मास भरून ती निघाली तेव्हा दोन वाजले होते. नाक्यावर मिनीडोर रिक्षा मिळाली, मागच्या बाकावर कडेला जागा मिळाली, थर्मास तिने पोटाशी धरला. आठ किलोमीटरचा रस्ता. पण पळस्प्याला कंटेनरांची रांग लागली होती आणि मिनीडोर दोन हात पुढे सरकून थांबायची, थांबून थरथरायची. त्या थरथरीने तिला पोरीची ती हलणारी बोटं आठवली. दोन पेले. काळी कॉफी. आणि ती सवय आहे म्हणून. सवय! तिच्या एका शब्दावर पोरीच्या पेल्याला पेला वाढला होता. आता कुणी ऐकलं तर म्हणेल, बाई, हातातच फोन होता, तेव्हाच का नाही खरं बोललीस? कारण पलीकडे परका माणूस वही उघडून बसला होता. कारण ‘काहीच टाकत नाही’ हे वाक्य तिच्या जिभेला माहीतच नव्हतं. तिला दिसायला लागलं, मनस्वी मध्यरेषेवर उभी आहे, बोटं हलताहेत, दम तुटतोय, बारा नावं वाचली जाताहेत आणि त्यांत हिचं नाही. आणि दुसरंही दिसायला लागलं, ते कमी वाईट नव्हतं: आपण खरं सांगतोय आणि पोरीच्या तोंडावरचा विश्वास उतरतोय, ऐन सामन्याच्या तोंडावर. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे हा कंटेनर.

उन्हात तापलेल्या पत्र्याचा वास तिला कुठेतरी मागे घेऊन गेला. बापाच्या मिठागरात असाच उन्हाचा वास असायचा, खारट, डोळ्यांत झोंबणारा. मिठाची पाटी डोक्यावर घेऊन बांधावरून पळायचं आणि पाटी ओतेपर्यंत श्वास सोडायचा नाही, असा तिचा खेळ होता, एकटीचाच. एका श्वासात सगळा बांध. भाऊ संध्याकाळी मीठ काढून मोकळ्या झालेल्या कोंड्यात कबड्डी खेळायचे. ती एकदा म्हणाली, मलाही घ्या. ते हसले नाहीत, रागावले नाहीत, त्यांना ऐकूच आलं नाही. पाटी खाली ठेवून ती बघत राहिली होती, आणि मनातल्या मनात त्यांच्या दमाबरोबर आपला दम मोजत होती. प्रत्येक वेळी भावांचा आधी तुटायचा. हे तिने कुणालाही सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं होतं तरी काय? पुढे ती किटली घेऊन बाहेर येऊ लागली, आणि खेळाच्या इतक्या जवळ उभं राहायला मिळतंय यातच तिला मोठं सुख वाटलं. आज मिनीडोरमध्ये बसून तिच्या पहिल्यांदा लक्षात आलं, की इतक्या वर्षांत तिने शेकडो पेले भरले, पण तिच्या हातात कुणी एक दिला नाही. मिनीडोर हलली. “भाऊ, जरा दाबा,” ती ड्रायव्हरला म्हणाली. तो म्हणाला, “मावशी, दाबतोय, पुढचा पन दाबाय पायजे ना.”

मैदानाच्या फाटकातून ती आत धावली तेव्हा तीन वाजून सात मिनिटं झाली होती. धावली म्हणजे खरोखर धावली, काठापदराची साडी गुडघ्यापर्यंत उचलून. मंडपाखाली लांब टेबल होतं. टेबलावर स्टीलचे पेले रांगेत, प्रत्येकावर पांढरी चिकटपट्टी आणि पट्टीवर पोरीचं नाव. बरेचसे रिकामे झाले होते. शेवटी दोन पेले भरलेले, दोन्हींवर मनस्वी. पोरगी टेबलापाशी उभी होती, तांबड्या बनियनवर सोळा नंबर, आणि उदयसिंह सर तिच्यासमोर घड्याळ दाखवत होते. तिशीतला माणूस, परदेशी पुस्तकं वाचलेला, पण चेहऱ्याने साधा. “मी सात मिनिटं वाट बघतोय,” ते म्हणत होते. मनस्वी ऐकत नव्हती. “पयली आयेची, मंग तुमची,” ती म्हणत होती. “आमच्यात तसाच असते, सर.” मागे खुर्चीत कमळाकर पाय पसरून बसला होता आणि उरणच्या दोघा पाहुण्यांना सांगत होता, “तुमची कॉफी कालची हो. आमचे घरची चाय पंचवीस वरसांची.”

दमयंतीने एका हाताने थर्मास धरला आणि दुसऱ्या हाताने दोन्ही पेले झाकले. धाप लागली होती. “पिऊ नको,” ती म्हणाली. “सर, हिला देऊ नका. हिला सोसत नाय. डाक्टरनी सांगितलाय, ल्हान होती तवाच.” सर गोंधळले. “अहो, पण दोन चमचे भरून कोरा चहा पिते ना ती? चहात असतं तेच कॉफीत असतं, कॅफिन. त्यावर बंदी नाही, ते औषध नाही आणि जादूही नाही. दोन-तीन टक्के फरक पडतो, एवढंच. सवय असली की थोडं जास्त लागतं, म्हणून...” “सवय नाय,” दमयंती म्हणाली. आजूबाजूच्या पोरी बघू लागल्या. कमळाकरने पाय आत घेतले. तिला कळलं की आता जे बोलेन ते उद्या सकाळपर्यंत कोनच्या घराघरात पोचणार आहे, आणि बाजारात वळून बघणाऱ्या बायका उद्यापासून निराळ्या तऱ्हेने वळून बघणार आहेत. तिने मुठीसारखी आवळलेली जीभ सोडली. “तिच्या चायमदी पावडर नाय. कवाच नवती. करपवलेला गुल हाय, आला हाय, गवती चाय आनि मेथी. आठ वरसा झाली. मी खोटा बोलले.”

मनस्वी आईकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर काय उतरतंय ते दमयंतीला वाचता येईना, आणि वाचावं असं वाटेना.

“तलोज्याची फायनल?” मनस्वीने विचारलं.

“नवती.”

“शिरढोनला पाच जनींना एका दमात मारून आले ती?”

“तवा पन नवती.”

“आनि नववीत, तापात खेलले ती? तवा तर तू म्हनालीस, आज डबल कडक केलीय.”

“डबल गुल होता,” दमयंती म्हणाली, आणि तिला रडू आलं. “तू पायरीवर उबी राहून बोललीस, मंग मी संघात नाय? माज्यानं नाय म्हनवला नाय गो.”

मनस्वी रागावली होती, ते नाकपुडीवर दिसत होतं. बापासारखीच तिची नाकपुडी फुलायची. मग तिने आपल्या हातांकडे पाहिलं. तळवे उघडले, मिटले. बोटं स्थिर होती. “म्हंजे,” ती हळूहळू म्हणाली, जणू आकडे जुळवत होती, “मंग सगला माजाच होता?”

“सगला,” दमयंती म्हणाली. “एकूनएक.”

आणि पोरगी हसली. आधी ओठांच्या एका कोपऱ्यात, मग अख्खी. अठरा वर्षांत दमयंतीने तिला जिंकून येताना शंभरदा पाहिलं होतं, पण असं हसताना नाही. आपल्याच घरात एक खोली आजवर उघडलीच नव्हती आणि ती आज उघडली, असं ते हसणं होतं. ज्या क्षणाला दमयंती आठ वर्षं भीत होती तो हा होता! तिचा चहा गेला, कीर्ती गेली, आणि छातीत अभिमान मात्र मावत नव्हता. मागून कमळाकर घसा खाकरून पुढे आला. त्याचा चेहरा पडला होता. “गो,” त्याने हलक्या आवाजात विचारलं, “माजे टायमाला... माजे किटलीत तरी व्हती ना?” “तुमच्यात दोन मुठी,” दमयंती म्हणाली. कमळाकरने यावर विचार केला, आणि विचार करता करता त्याचं तोंड आणखी लांबलं. “बाबा,” मनस्वी म्हणाली, “म्हंजे तुमचा चायचा, माजा माजा.” पोरी खदखदून हसल्या. उरणचे पाहुणे हसले. शेवटी कमळाकरही हसला, आणि लेकीच्या पाठीत एक धपका घालून म्हणाला, “जा तिकडं. लई झाली.” उदयसिंह सर वही उघडून उभे होते. “मग मी इथे काय लिहू, बाई? पावडर किती?” “सुन्य लिहा,” दमयंती म्हणाली, आणि हे सांगताना तिची मान बाजारात व्हायची त्याहून ताठ झाली. सरांनी शून्य काढलं. मग दोन्ही पेल्यांवरची पट्टी ओढून काढली आणि कॉफी स्वतःच पिऊन टाकली.

मनस्वीने थर्मास उघडला. दमयंतीला वाटलं, सवयीने पिणार. पोरीने झाकण भरलं आणि आईपुढे धरलं. “पी.”

“मी कशाला?”

“बाबांच्या टायमापासून सगल्यांना वतलंस. तुला कवा कुनी दिली?”

दमयंतीने झाकण दोन्ही हातांत घेतलं. करपलेल्या गुळाचा वास, गवती चहाचा, तळाशी मेथीचा कडवटपणा. चांगलाच लागत होता की! ती तो शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली, घाई न करता, आणि तिने झाकण बाकावर पालथं घातलं. मनस्वी ते बघून वळली आणि मैदानात गेली.

चार वाजता शिट्टी झाली. पहिली चढाई तिचीच होती. मध्यरेषेला हात लावून तो कपाळाला लावला आणि ती आत शिरली, आणि तिचा आवाज दमयंतीपर्यंत आला, सलग, खालच्या पट्टीत, न अडखळता, कबड्डी कबड्डी कबड्डी. दमयंतीने नकळत श्वास आत धरला. मिठागराचा बांध पायाखालून सरकू लागला. समोर डाव्या कोपऱ्यातली पोर पुढे आली, हिने पाय ओढून घेतला, वळली, एकीच्या खांद्याला बोट, दुसरीच्या गुडघ्याला, तिसरीने कमरेला धरलं, हिने तिला दोन पावलं फरफटत आणलं, आणि आवाज चालूच होता. उदयसिंह सरांनी घड्याळाकडे बघायचं सोडून दिलं. मध्यरेषेवर बोटं टेकली तेव्हाच दमयंतीनेही श्वास सोडला. दोघींचा बरोबरच सुटला. तीन गुण. मंडप ओरडला. कमळाकर खुर्चीवर उभा राहून ओरडला, ओरडून त्याचा घसा सुकला, आणि खाली बसता बसता त्याने बाकावरचं थर्मासचं झाकण उचलायला सवयीने हात पुढे केला.

दमयंतीने त्या हातावर चापटी मारली. “हात नका लावू,” ती म्हणाली. “आमी अजून खेलतोय.”